गिअरबॉक्समधलं एरंडेल
एरंडेल तापल्याचा वास आला की मला आमची मोटार आठवते. आमच्या निरवांगी गावात वीज आली नव्हती तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जुनी अमेरिकन गाडी आणली. तिला क्लच नव्हता. तेलाच्या जोरावर गिअर आपोआप पडायचे. ते तांबडं तेल फक्त मुंबईत मिळायचं. गळून गळून ते कमी झालं, तेव्हा तात्या म्हणाले, “बैलगाडीच्या कण्याला एरंडेल चालतंय, हिला का न्हाय?” आणि तेलाच्या घाण्यावरचं एरंडेल गिअरबॉक्समध्ये ओतलं. पुढं बाळंतपणाला माहेरी आलेली माझी थोरली बहीण आक्का अडली, म्हणून त्याच मोटारीतनं तिला बारामतीच्या दवाखान्यात घेऊन निघालो. जळोचीच्या अलीकडं जळका वास सुटला. इंजिन मोठ्यानं घुमत होतं, पण चाकं हलंनात. आई विनवत होती, “अवं, त्या मळ्यातनं बैलगाडी तरी आणा.” तात्या म्हणाले, “जरा दम धर, आत्ता उचलंल.” आक्का माझ्या मांडीवरच गेली, तरी तात्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेलाच होता. परवा नातसून तान्ह्याच्या पोटाला लावायला एरंडेल कोमट करत होती. मी म्हटलं, “तापवू नकोस गं, गारच लाव.”