शेवटची सहा पानं

अकरावीत आमच्या मराठीच्या सरांनी प्रत्येकाला एकेक ब्लॉग उघडून दिला. आठवड्याला एक पुस्तक वाचायचं, त्यावर वहीत लिहायचं आणि शनिवारी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर टाईप करायचं. पवनीतलं आमचं घर हातमागावर चालणारं. त्यात लिहिणारी मीच पहिली. ब्लॉगवर माझं नाव ठळक दिसायचं, त्याचा मला भारी तोरा होता.

एकदा कॉलेजच्या कपाटातून आणलेल्या कादंबरीची शेवटची सहा पानं वाळवीनं खाल्लेली निघाली. सरळ तसं लिहायचं सोडून मी अक्कल पाजळली. घर सोडून गेलेल्या नायिकेला मी परत आणलं, आईच्या गळ्यात पाडून रडवलंसुद्धा. मैत्रिणींनी वाहवा केली. मग कुण्या अनोळखी बाईंची कमेंट आली, की ती परत येत नाही, तुम्ही पुस्तक वाचलंय ना?

सरांनी ती कमेंट वर्गासमोर वाचली. पोस्ट उडव म्हणाले, आणि न वाचता लिहिणाऱ्याचा ब्लॉग शनिवारी बंद करणार, हेही सांगून टाकलं. माझी मान वर होईना. घरी येऊन रडले, आता सगळंच उडवून टाकते म्हणाले. मागावर बसलेल्या बाबांनी हातातला धोटा थांबवला.

"धागा तुटला त अख्खं कापड फाडून टाकशीन काय? गाठ मार अन् समोर विण."

मग मात्र मी हट्टाला पेटले. बुधवारी कॉलेज बुडवून एसटीनं भंडाऱ्याला गेले. तिथल्या वाचनालयात सभासदांशिवाय कुणाला पुस्तक देत नव्हते. ग्रंथपाल बाईंनी दोनदा नाही म्हटलं, मी टेबलासमोरून हलले नाही. वैतागून त्यांनी पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि इथंच बसून वाच म्हणाल्या. नायिका खरंच परत येत नव्हती. मला फार वाईट वाटलं, पण माझ्या रडारडीपेक्षा तो शेवट कितीतरी चांगला होता. सहाही पानं मी वहीत उतरवून घेतली.

शनिवारी मी पोस्ट उडवली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'वरचा शेवट माझा आहे, पुस्तकाचा नाही. पानं नव्हती, हे मी लपवलं.' त्याखाली खरा शेवट लिहिला. वहीतली पानं कापून, घरची खळ लावून पुस्तकात चिकटवली. सरांनी सगळं वाचलं आणि ब्लॉग राहू दिला. शाबासकी काही दिली नाही. मला ती फार हवी होती.

पुढच्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीनं तेच पुस्तक नेलं. मी अधाशासारखा तिचा ब्लॉग उघडला. तिनं लिहिलं होतं, शेवटची सहा पानं कुणीतरी हातानं लिहिलेली आहेत, विश्वास बसला नाही, म्हणून भंडाऱ्याला जाऊन ताडून पाहिली.

असला राग आला मला! मग खालची ओळ वाचली.

'एक शब्दही चुकलेला नाही.'