पोट साफ व्हयनं का?

“काय नाना, पोट साफ व्हयनं का?”

पारोळ्याच्या भर बाजारात, एका हातात भाजीची पिशवी नि दुसरा हात कमरेवर ठेवून ती हे विचारायची. तेही कोणाला? ज्यांच्यासमोर सुना पदर सावरल्याशिवाय उभ्या राहत नसत, अशा म्हाताऱ्यांना. आणि ते रागावत नसत. हसायचे, इकडेतिकडे बघायचे नि खरं ते सांगून टाकायचे. मला तिचा पहिला राग आला तो इथे.

साठीचं दशक सरत आलं होतं. आम्ही दोघी एकाच सरकारी दवाखान्यात नर्स. मी तिच्याआधी लागलेली, पहिल्या वर्गात पास झालेली, शुद्ध बोलणारी. ती धुळ्याहून बदलून आली नि बघता बघता सगळं गाव तिचं झालं. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. झाडाला पाणी आपण घालायचं, फुलं मात्र त्यांच्या अंगणात पडायची.

आमच्याकडे शौचातून रक्त गेलं की म्हातारी माणसं ‘उष्णता झाली’ म्हणत, ठेचा बंद करत, ताक पीत नि गप्प बसत. फार तर मूळव्याध म्हणत. डॉक्टरांना सांगायची लाज, आणि शौच तपासायला आणून द्यायचं म्हणजे तर मेल्याहून मेल्यासारखं. मी यावर मारुतीच्या देवळात व्याख्यान दिलं, तक्ते टांगले. जे आले ते सावलीला आले होते.

तिने व्याख्यान वगैरे दिलं नाही. “लाजीसनी मरानं शे का, नाना?” एवढंच म्हणायची नि रिकामी काडेपेटी हातात ठेवायची. दुसऱ्या दिवशी भरलेल्या काडेपेट्या दवाखान्यात हजर! एका मारवाडी शेठाणीने तर नव्याकोऱ्या पितळी डबीत घालून, वर रेशमी फडकं बांधून गड्याबरोबर पाठवलं. मला वाटलं पेढे. नशीब, फडकं सोडतानाच वास आला. पण पेढे असते तरी तिच्याच नावाने आले असते, हे मला जास्त लागलं.

एकदा मीही विचारून पाहिलं. तोच बाजार, तेच शब्द. म्हातारा गंभीर झाला. “सिस्टर, तुमना तोंडले हाई शोभस नई,” म्हणाला नि चालू लागला.

आई गेल्यापासून माझे आबा माझ्याकडेच राहत. जन्मभर बाजारात कापसाची तोलारी केलेला अबोल माणूस. त्या वर्षी ते आपलं धोतर पहाटे उठून स्वतःच धुऊ लागले. लेकीचे कष्ट वाचवतात हो, असं मी शेजारणींना कौतुकाने सांगत होते.

एक दिवस तिने मला दवाखान्यात बाजूला घेतलं. “ताई, आबाले रगत जास.”

“तुला कोणी सांगितलं?”

“मी इचारं, त्यास्नी सांगं.”

आधी अंगाची आग झाली, काळजी मागून आली. घरात नर्स लेक असताना बाप परक्या बाईला सांगतो! संध्याकाळी मी जाब विचारला, तर आबा भिंतीकडे बघत म्हणाले, “आंडेरले अशी गोष्ट सांगतस का, माय? पोटनी पोर तू. ती परकी शे.”

डॉक्टर मूळव्याध म्हणून मलम लिहायला लागले. तिने त्यांच्यासमोर हातमोजे ठेवले. “साहेब, एकदा बोट घालून बघा.” त्यांनी बघितलं नि त्यांचा चेहरा उतरला. गाठ होती. मुंबईला ऑपरेशन झालं, आबा वाचले. पुढे कितीतरी वर्षं जो भेटेल त्याला सांगायचे, “त्या पोरनी वाचाडं माले.” मुंबईत त्यांच्या उशाशी मी बसले होते, हे सांगायचं राहून जायचं.

तिची बदली झाली तेव्हा एसटी स्टँडवर गावातले सगळे म्हातारे लोटले. आबा केळ्यांची फणी घेऊन गेले. गाडी हलली तसे ते रडले. माझ्या पाठवणीला या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

ती वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

आता मी आबांच्या वयाची झाले. डॉक्टरांनी तपासायला म्हणून प्लास्टिकची डबी दिली आहे, ती फळीवर तशीच आहे. सून दाराआडून हळूच विचारते, “झालं का, आई?” मी म्हणते, उद्या. परवा लाल दिसलं, ते तिला सांगितलेलं नाही. सुनेला कसं सांगायचं?

धुळ्याच्या त्या पोरीचा हेवा करून मी थकले. हल्ली हेवा वाटतो तो आबांचा. सकाळी मी ओट्यावर बसले की नजर बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत जाते. दूधवाला येतो, पेपरवाला येतो, ‘काय अक्का, बरं शे ना?’ म्हणून पुढे जातात. पोटाचं कोणी विचारत नाही.