मारबतीच्या आधीची सुई

मागच्या वर्षी मी मारबत पाहायला गेले आणि खोकला घेऊन घरी आले. नागपूरबाहेरच्या माणसाला यातली गंमत कळायची नाही, म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या वस्तीतून मारबतींची मिरवणूक निघते. कागद-बांबूच्या अक्राळविक्राळ बाया, एक काळी, एक पिवळी, आणि त्यांच्यामागे सगळं शहर ओरडत असतं, "खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!" तीन वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन मीही घसा बसेस्तोवर ओरडले. शेजारी एक माणूस माझ्या तोंडासमोर खोकत होता आणि मधेमधे तोही तेच ओरडत होता. दोन दिवसांत मी तापाने फणफणले. त्याचा खोकला मारबतीने नेला की नाही माहीत नाही, मला मात्र नक्की मिळाला.

नुसता ताप असता तर काढा पिऊन पडून राहिले असते. पण मी पडले जुनी शुगरवाली, रोज पोटात इन्सुलिन टोचून घेणारी. फ्लूने शुगर अशी काही चढली की मशीन बिघडलं असेल म्हणून ह्यांनी दुसरी पट्टी लावून पाहिली. तीही तेच सांगत होती. मग दवाखान्यात भरती, सलाईन, छातीत कफ, नाकाला ऑक्सिजनची नळी. आमचे हे बँकेतून रिटायर झालेले, एरवी कधी आवाज न चढवणारे. त्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला होता. मी भ्याले होते, पण माझ्याहून जास्त हे भ्याले होते.

घरी आल्यावर ह्यांनी नियम केला. ज्याला सर्दी, त्याला आपलं दार बंद. शेजारपाजार हसला, मीही हसले. पण या नियमात सापडली ती आमची नात. लेक-जावई नागपूरजवळच बुटीबोरीला राहतात, दर रविवारी यायचे. उन्हाळा संपला आणि पोरीची नर्सरी सुरू झाली. नर्सरीतल्या लेकराचं नाक कधी कोरडं असतं का? रविवारी सकाळी हे फोन करून आधी नाकाची चौकशी करायचे आणि मग म्हणायचे, राहू द्या, पुढच्या रविवारी या. असे कितीतरी रविवार गेले. मी ह्यांच्यावर खूप चिडायची, भांडीसुद्धा आपटायची. पण खरं सांगू, मनातून मलाही ती ऑक्सिजनची नळी आठवायची आणि मी फोन हातात घेऊन "येऊ दे" म्हणायची नाही.

पावसाळ्याआधीच आमच्या डॉक्टरीणबाईंनी फ्लूची लस घ्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, विचार करते. विचार कसला, टाळाटाळ होती सगळी. एक तर रोज स्वतःला टोचून टोचून माझा जीव विटलेला, त्यात ही आणखी एक सुई. त्यात खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने छातीठोक सांगितलं की लस घेतली की तोच ताप येतो. मी जाऊन ते डॉक्टरीणबाईंना ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, या लशीत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. हात दुखेल, एखाद-दोन दिवस अंग कसकसेल, शुगर थोडी वरखाली होईल, तेवढं पाहत राहा. शुगरवाल्यांना फ्लू झाला तर तो जास्त आडवा करतो, तुम्ही तर पाहिलंच आहे. मी विचारलं, मग घेतली की फ्लू होणारच नाही ना? त्या म्हणाल्या, तसं वचन देता येत नाही, पण झाला तरी दवाखान्यापर्यंत जायची पाळी येण्याचा धोका कमी होतो. साध्या सर्दीवर मात्र ती चालत नाही. आणि दरवर्षी घ्यावी लागते.

झालं, मला भांडायला मुद्दा मिळाला. घरी येऊन ह्यांना म्हटलं, सुई माझी आणि भरवसा कोणाचाच नाही, कशाला घ्यायची? ह्यांनी पेपर उघडला. त्या पेपरचा तर मला आणखी राग आला.

मग पोळ्याला तीनेक आठवडे उरले असताना एका रविवारी लेकीने व्हिडिओ कॉल लावला. नात नवा फ्रॉक घालून, केस विंचरून, यायला तयार होऊन बसली होती. तिने फोन तोंडाशी धरला, जोरात नाक ओढलं आणि श्वास रोखून म्हणाली, "आज्जी, पाह्य, माझं नाक नाही वाहून राहिलं." किती वेळ रोखणार? बोलता बोलता नाक आलंच. तिने घाईघाईने फ्रॉकच्या बाहीने पुसलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आपण पकडलो गेलो की नाही ते बघायला. मागे माझी लेक खिडकीबाहेर पाहत होती.

मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि ढसाढसा रडले. चार वर्षांच्या लेकराने माझ्यापायी नाक लपवावं! भरवसा नाही म्हणून मी सुई टाळत होते, पण दार बंद ठेवून तरी कोणता भरवसा मिळत होता? भाजीबाजारात कोण खोकत नाही? हे रोज फिरायला जातात तिथे कोण शिंकत नाही? आम्ही सगळ्या गावातून फक्त एका पोरीला बाहेर ठेवलं होतं. डोळे पुसून बाहेर आले आणि ह्यांना म्हटलं, उद्या सकाळी दवाखान्यात जायचं.

दवाखान्यात माझी सुई झाली, चिमटा काढल्यासारखी. मी उठले तर हे त्याच खुर्चीत बसले आणि शर्टाची बाही वर करू लागले. मी विचारलं, तुम्हाला काय झालं?

"तुझ्यासोबत मीच राहून राहिलो ना घरात," हे म्हणाले. "बाहेरून मीच आणला तर?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बरं केलंत. दोन दिवस माझ्यापेक्षा ह्यांचाच दंड जास्त दुखला. माझी शुगर दुसऱ्या दिवशी जराशी वर गेली आणि आपली आपण उतरली. शेजारीण रोज विचारून जायची, ताप आला का, आणि नाही म्हटलं की बिचारीचा चेहरा पडायचा. लस अंगी लागायला दोनेक आठवडे लागतात असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तेवढे आम्ही थांबलो. ह्यांनी नियमही सैल केला. ताप असेल तर नाही, नुसती सर्दी असेल तर हात धुऊन या.

मारबतीच्या दिवशी सकाळी लेक पोरीला घेऊन आली. या वेळी गर्दीत शिरायचं नाही, गच्चीवरूनच पाहायचं, असं आमचं ठरलं होतं. लहान मुलांचा तान्हा पोळाही त्याच दिवशी, म्हणून पोरीच्या हातात चाकांचा लाकडी नंदी होता. मी दार सताड उघडं ठेवलं होतं. जिना चढून ती धावत आली आणि दारात थबकली. चपला काढल्या, नंदी पोटाशी धरला आणि विचारलं, "आज्जी, अंदर येऊ का?"

सख्ख्या आजीच्या दारात लेकराने परवानगी मागावी, असं आम्ही तिला शिकवलं होतं. मी उंबऱ्याजवळच खाली बसले, हात पसरले आणि म्हटलं, "ये, माय. आता असं कधी विचारायचं नाही."

तरी ती आली नाही. तिने आधी माझ्या मागे उभ्या असलेल्या आजोबांकडे पाहिलं. हे पुढे झाले, तिला नंदीसकट उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.