चिमाआत्याचं घंगाळ

जेवणं झाली आहेत, ओटा आवरून झाला आहे आणि मी नुसती पाठ टेकायला म्हणून आडवी होते. मी नुसती पाठ टेकते म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण आज झोपून चालायचं नाही. संध्याकाळी इंदूरची माणसं येणार आहेत. आमचेच चौलकर, पण तीन पिढ्यांत एकमेकांचं तोंड न पाहिलेले.

पलंगाखाली घंगाळ ठेवलं आहे. माझा डावा हात त्याच्या काठावर लोंबतो आहे. हे घंगाळ इंदूरला निरंजनच्या अंगणात लिंबाचं झाड लावायच्या कामी आलं होतं. झाड मेलं, माती उकरली आणि चिखलाखालून तांबं निघालं. चिंच-मीठ लावून घासल्यावर बुडाशी शिक्का दिसला : गो. वि. चौलकर, नाशिक. गोविंद माझे पणजोबा. त्यांचा धाकटा भाऊ नरहरी हा निरंजनचा पणजोबा. शिक्क्यावरून शोधत शोधत निरंजननं माझ्या भांड्यांच्या दुकानात फोन लावला आणि पुढच्याच आठवड्यात घंगाळ पार्सलनं पाठवून दिलं.

त्याच फोनवर तो हसत हसत बोलून गेला, "आमच्याकडे तर सांगतात, तुमच्या पणजोबांनी शेजारी मयत पडलेलं असताना हातोडा चालवला. त्या शरमेनं आमचे पणजोबा घर सोडून निघून आले."

बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण आम्ही जातीचे तांबट. आळीत कुणी गेलं की सगळे हातोडे बंद, हा आमचा धर्म. भालचंद्रकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, हे ऐकून दोन दिवस धड जेवले नाहीत. मग त्यांनी ठरवलं की संध्याकाळी घंगाळापुढे पाटी ठेवायची, 'गोविंद विष्णू चौलकर यांच्या हातचं काम'. निदान कारागिरी तरी बघू देत, म्हणाले. पाटी मी लिहायची आहे, माझं अक्षर बरं म्हणून.

आणि मला ती लिहवत नाहीये. कारण या घंगाळाचे ठोके उलटे आहेत. आमच्या घरातल्या, पणजोबांच्या हातच्या प्रत्येक भांड्यावर ठोक्यांच्या ओळी एका बाजूनं चढतात, याच्यावर दुसऱ्या. बोटं फिरवत मी त्याच ओळीवरून पुन्हा पुन्हा जाते. पंखा फिरतो आहे.

"हात काढ गं काठावरचा," कुणीतरी म्हणतं. "ठोका चुकेल."

मी हात काढून घेते. पलंगाशेजारी, माझ्या कपाटाला पाठ लावून, एक म्हातारी उकिडवी बसली आहे. डोक्यावरून पदर, हातात बांगडी नाही. लोखंडाच्या जाड दांडीवर तिनं घंगाळ उपडं अडकवलं आहे. उजव्या हातानं ते गोल सरकवते आहे आणि डाव्या हातानं हातोडा मारते आहे. एक ठोका, एक सरक. एक ठोका, एक सरक. फरशीवर एक टवकाही उडत नाही.

"तू कोणाची?" ती वर न बघता विचारते.

"वसंताची. मी नलू."

"वसंता! नाकातून अख्खी गोदावरी वाहायची त्याच्या. त्याला एवढी मोठी पोर?"

"मी साठीची आहे हो."

"असशील. सांगतेस कुणाला." ती हसते. खालचे दोनच दात आहेत. मग मला कळतं. घरात हिचा फोटो नाही, पण बाबा सांगायचे, पांढऱ्या लुगड्यातली चिमाआत्या, सासरहून बालपणीच परत आलेली, जेवताना डावा हात पुढे केला की मार खायची. पणजोबांची बहीण. मी लहान असताना मला ती गोष्ट फक्त माराची वाटायची.

"चिमाआत्या, हे तुम्ही केलंत?"

"घडवलं गोंद्यानं. मठारलं मी, हे ठोके सगळे माझे."

ज्यांचा हार घातलेला फोटो आम्ही रोज पुसतो ते आमचे पणजोबा म्हणजे गोंद्या. मला हसू येतं आणि हसता हसता मी जिना चढते आहे. खोली राहिली नाही. ही आळीतली माडी आहे, खिडक्या बंद, आणि बाहेर सगळीकडून ठोक्यांचा गजर. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत, पण या क्षणी घराघरातून हातोडे चालले आहेत आणि त्यात चिमाआत्याचा हातोडा कुठला ते मला ओळखू येत नाही.

"म्हणूनच," ती म्हणते. मी काही विचारलेलं नसतं. "आळी ठोकते तेव्हा मी ठोकते. आळी थांबली की थांबते. बाईच्या हातचं भांडं कोण घेणार? गोंद्याच्या खांद्यात वारा भरलेला, हात वर होईना. पोरं लहान. मी म्हटलं, दे इकडे. तो म्हणाला, अगं तुझा हात उलटा. मी म्हटलं, तांब्याला काय कळतंय?"

"आणि गिऱ्हाइकाला?"

"गिऱ्हाईक चकाकी बघतं. ओळ कोण बघतंय? तू बघितलीस." ती पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट बघते. मला शाबासकी मिळाल्यासारखं होतं आणि या वयात मी चक्क लाजते.

मी दुकानात उभी आहे. माझ्याच, मेन रोडवरच्या. गल्ल्यामागे चिमाआत्या बसली आहे आणि नॉनस्टिक तवा उलटासुलटा करून बघते आहे.

"हा काळा का?"

"त्याला अन्न चिकटत नाही."

"किती वर्षं?"

"दोन. फार तर तीन."

ती तवा अलगद खाली ठेवते, आजारी माणसाला निजवावं तसा. वाईट बोलत नाही. मला मात्र शरम वाटते, आणि तवा मी फक्त विकते, बनवत नाही, असं काहीतरी मी पुटपुटते.

"तुला वाटतं, ठोके नक्षीला असतात," ती म्हणते. "नुसता पत्रा मऊ असतो. बोट दाबलंस तर पोचा पडेल. ठोका खाल्ला की तांबं घट्ट होतं. पण प्रत्येक ठोका आधीच्या दोन ठोक्यांच्या मधे बसायला हवा. एक हुकला की पुढची सगळी ओळ लंगडी." ती माझं बोट धरून घंगाळावर ठेवते. घंगाळ दुकानात कसं आलं ते विचारायचं मला सुचत नाही. "मोजू नको. नुसतं फिरव."

मी फिरवते. एकसारखे ठोके, नखाएवढे. कुणी बघणार नाही, कुणी शाबास म्हणणार नाही, कानाला आवाजसुद्धा स्वतःचा ऐकू येणार नाही, अशा बंद माडीवर बसून हिनं हे केलं. मला आयुष्यात कुणाचा एवढा अभिमान वाटलेला नाही. मी तिला तसं सांगते. ती म्हणते, "बरं बरं. फिरव पुढे."

आणि काठाच्या खाली, कडीजवळ, माझं बोट अडखळतं. तिथं ओळ तुटली आहे. एका ठोक्याची जागा गुळगुळीत राहिली आहे.

"इथं काय झालं?"

दुकानातला गलका बंद पडतो. आळीतला गजर बंद पडतो. फक्त एकच हातोडा चालू आहे, टण्, टण्, टण्, आणि तो चिमाआत्याच्या हातातला आहे. ती मान खाली घालून ठोकते आहे. बाहेर कुणीतरी गेलं आहे आणि तिला ते कळलेलंच नाही.

"आत्या, थांबा!" मी ओरडते. माझा आवाज फुटत नाही.

"दिवसभर ठोकलं की कान बधिर होतात गं," ती शांतपणे सांगते, ठोकता ठोकताच. "समोरचे दगडूशेटजी गेले. सगळी आळी उंबऱ्यात उभी आणि आमच्या माडीवरून हा आवाज."

मी जिन्यावरून खाली बघते. फोटोतले पणजोबा, पण काळ्या मिशांचे, ओट्याखालून दुसरा हातोडा उचलतात. दुखऱ्या खांद्यानं तो कसाबसा धरतात आणि दार उघडून पायरीवर जाऊन बसतात. माणसं धावून येतात. मला शब्द कळत नाहीत, शिव्या कळतात. पणजोबा एवढंच म्हणत राहतात, "चुकलं. माझं भान सुटलं." एक जण त्यांच्या हातातला हातोडा हिसकावून रस्त्यावर फेकतो. माडीवर चिमाआत्याचा हात ठोक्याच्या मधेच थांबला आहे.

"वर्षभर कुणी गोंद्याला पंगतीत बसवलं नाही," ती म्हणते. "नरहरी त्याच्याशी भांडून गेला. वाटणीत हेच घंगाळ मागून घेतलं त्यानं, कामात सुरेख म्हणून. खरं काय ते त्याला सांगितलं असतं तर आळीला कळलं असतं. गोंद्यानं मला शपथ घातली."

"आज सांगते ना मी! आज त्याचीच माणसं येतायत. पाटीवर तुमचं नाव लिहिते, पणजोबांचं काढून टाकते."

"काढायचं नाही." हे ती इतक्या जोरात म्हणते की मी दचकते. "माझ्यासाठी शिव्या खाल्ल्यात त्यानं. त्याचं खोडशील तर बघ."

मग ती जरा वेळ पदराचं टोक चाचपत बसते. तिला काहीतरी हवं आहे, आणि ते मागायची सवय नाही, हे मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसतं.

"पण माझं वर लिही," ती म्हणते. "मी थोरली आहे."

मी मान हलवते. मला रडू येतं आहे. ती हातोडा माझ्या डाव्या हातात देते.

"घे. ती राहिलेली जागा भर."

"मला नाही येत. आणि मी उजवी आहे."

"मी उजवी असते तर बरं झालं असतं, हे जन्मभर ऐकलंय. मार."

मी घंगाळ उजव्या हातानं धरते. हातोडा वाटला त्याहून जड आहे. मी उचलते, नेम धरते आणि मारते. ठोका तांब्यावर बसतच नाही. कळ डोक्यापर्यंत जाते आणि चिमाआत्या दोन्ही दात दाखवून खदखदा हसते. "सगळ्यांचा पहिला ठोका तिथंच बसतो," ती म्हणते, "माझाही—"

"नलू! अगं निरंजनचा फोन होता. आम्ही लोक पोचूनच गेलो म्हणतोय, नाक्यावर आहेत. पाटी झाली का?"

भालचंद्रकाका दारात उभे आहेत. पंखा फिरतो आहे. कपाटाजवळ कुणी नाही, घंगाळ पलंगाखाली जसं होतं तसं आहे. मी खाली वाकून कडीजवळ बोट फिरवते. ओळ तुटलेली आहे. एका ठोक्याची जागा गुळगुळीत.

मी उठून टेबलाशी बसते, कोरा पुठ्ठा पुढे ओढते, पेन उचलते आणि ते हातातून गळून पडतं. माझ्या उजव्या हाताचा अंगठा सुजला आहे. नखाखाली रक्त साकळून काळंनिळं झालं आहे. मी पेन डाव्या हातात घेते. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी येतात, उलट्या बाजूला कललेली, पण येतात. चिमा विष्णू चौलकर.

काका खांद्यावरून वाचतात. "चिमाआत्या? तिचा काय संबंध? आणि गोविंदआजोबा कुठायत?"

"खाली लिहितेय. ती थोरली ना, म्हणून वर. बाकीचं सगळ्यांसमोर सांगते, निरंजनलाही ऐकायचंय ते."

"आणि डाव्या हातानं का लिहितेस?"

मी अंगठा दाखवते. "हातोडा बसला."

काका अंगठा उजेडात धरून बघतात. मग माझ्याकडे बघतात, मग सगळ्या खोलीभर.

"अगं पण," ते म्हणतात, "आपल्या घरात हातोडा आहे कुठे?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज येतो. मी पणजोबांचं नाव लिहायला घेते.