आत्याने शोधलेला दहावा

फ्लोराआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी पेजेचा डबा भरत होते. झाकण लावलं आणि कळेना, आता हा न्यायचा कुठे...

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी सेवाग्रामला, दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली. आजोबा रेल्वेत लागून कोकणातून वर्ध्याला आले. म्हणून आमचं आडनाव कोकणातलं, बोली वऱ्हाडी आणि धर्म यहुदी. जिल्ह्यात आमची उणीपुरी पाच घरं. गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, कद्दिश, तिला दहा पुरुष लागतात. बायकांना मोजत नाहीत. वडील होते तोवर आमचे कसेबसे दहा भरायचे. ते गेले आणि त्यांच्याच कद्दिशला नऊ उरले. प्रार्थना न म्हणताच आम्ही कब्रस्तानातून परतलो. घर येईपर्यंत आत्याने माझा हात सोडला नव्हता.

मागच्या वर्षी, पावसाळा सरताना येणाऱ्या आमच्या नव्या वर्षाला तिने सगळ्यांना बोलावून सांगितलं, की हे एक वर्ष सगळे सण एकत्र करायचे, तिच्या बैठकीत, कुणी आजारी असो की कामात. आम्ही केले. उपासाच्या दिवशी पंख्याखाली बसून संध्याकाळ गाठली. मांडवाच्या सणाला तिच्या ओळखीच्या शेतकऱ्याने अल्लीपूरहून छपरासाठी तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, आणून दिल्या आणि छपरातून चांदण्या दिसल्या पाहिजेत हे ऐकून, मग छप्पर करताच काऊन, असं विचारलं. आत्या पोट धरून हसली. हिवाळ्यात मलिद्याच्या, म्हणजे आमच्या आभाराच्या नैवेद्याच्या, ताटात गोड पोह्यांशेजारी तळेगावची संत्री आली. वल्हांडणाला, भर उन्हाळ्यात, बिनखमिराच्या भाकरी भाजताना तिला भोवळ आली. तरी तवा तिने कुणाच्या हाती दिला नाही.

दहावा मात्र मिळत नव्हता. तो तिला दवाखान्यातच सापडला. मोतीबिंदूच्या तपासणीला आम्ही रांगेत होतो. पुकारा झाला : डेव्हिड एलायजा, आणि पुढे आमच्यासारखंच ‘कर’ लागलेलं एक कोकणी आडनाव. आत्याने मान वळवली. चाळिशीचा माणूस, नुकताच बदलीवर आलेला रेल्वेचा इंजिनिअर. बाहेर आल्यावर तिने त्याला थेट विचारलं, तू यहुदी का, आणि शुक्रवारच्या प्रार्थनेला घरी बोलावलं. तो गोरामोरा झाला. लोक ख्रिस्ती समजतात, आपण समजू देतो, म्हणाला. वडील लहानपणीच गेले, प्रार्थनेचं एक अक्षर येत नाही, येऊन काय करू?

“नाई येत तं नाई येत,” आत्या म्हणाली. “नुसता बसजो. मोजाले तं येशीन ना?”

तीन शुक्रवार आत्याने फोन केला, तो आला नाही. आत्याने चौथ्यांदा फोन केला नाही, मलाही करू दिला नाही. बोलावणं झालं, आता त्याचं त्याला ठरवू दे, एवढंच म्हणाली. चौथाही शुक्रवार तसाच गेला. पाचव्या शुक्रवारी तो आला, दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसला. आत्याने त्याच्यासाठी प्रार्थना मराठी अक्षरांत मोठ्ठी लिहून ठेवली होती. पुढे तो येतच राहिला.

वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे असताना आत्या गेली. दुसऱ्या दिवशी कब्रस्तानात मी मनातल्या मनात माणसं मोजत होते. नऊ... मग डेव्हिड फाटकातून धावतच आला, अंगावर कामाचे कपडे, हातात तो कागद. माझ्या आत्यासाठी कद्दिश म्हटली गेली. तो बऱ्याच ठिकाणी अडखळला, आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबत गेले.

आत्याच्या घराला आता कुलूप आहे. नवं वर्ष कुठे करायचं, हे विचारायला कुणाची जीभ रेटेना. डेव्हिडचाच फोन आला : क्वार्टर लहान आहे, पण माझ्याकडे या. गेलो, तर दाराच्या चौकटीवर त्याने मेजुजा ठोकलेली, आमच्या यहुदी घरांवर असते ती प्रार्थनेची छोटी नळी. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी. आम्ही आत बसलो. दोघेजण अजून यायचे होते. कुणीतरी म्हणालं, सुरू करू या.

“थांबू थोडं,” डेव्हिड म्हणाला, आणि दार सताड उघडून रस्त्याकडे बघत उंबऱ्यात उभा राहिला.