चौथ्या खड्ड्यातला पत्थर

"तुम्ही राहा बिनधास्त, काका." हे वाक्य मी बोलले होते. आज कोणी माझ्यासमोर 'बिनधास्त' म्हटलं तरी डोकं सणकतं.

बुलढाण्याच्या घाटातला एक रस्ता खालच्या अंगाला सरकायला लागला होता. डांबरात बोटं जातील एवढ्या भेगा. खाली उतारावर एकच घर. तिथे काका, काकू, दोन म्हशी आणि काकांनी भावांना घेऊन स्वतः खणलेली विहीर. मी त्या कामावरची इंजिनिअर. उतार धरून ठेवायला आम्ही रस्त्याच्या कडेनं एका ओळीत खोल खड्डे पाडत होतो, यंत्रानं, माणूस सहज उतरेल एवढे रुंद. त्यात सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि वरपर्यंत काँक्रीट भरायचं. सरकणाऱ्या मातीतून आरपार जाऊन हे खांब खालच्या घट्ट खडकात रुतले, तरच डोंगर धरतात. म्हणून नियम असा, की खडक लागला की त्यात आणखी तीन मीटर जायचं.

आमचा मशीनवाला आयुष्यभर बोअर मारत आलेला. बोअरच्या धंद्यात काळा पत्थर लागला की केसिंगचा पाइप थांबवतात, कारण माती ढासळायची भीती संपली. ती सवय त्याच्या हाडात मुरलेली. माझ्याही, खोटं कशाला बोलू? अमडापूरकडे आमच्या शेतात बोअर मारला तेव्हा "पत्थर लागला!" ही आरोळी ऐकून आम्ही पोरं नाचलो होतो.

चौथ्या खड्ड्यात शेजारच्या खड्ड्यांपेक्षा पंधरा-वीस फूट वरच पत्थर लागला. त्यात मीटरभर गेल्यावर मशीनवाला म्हणाला, "मॅडम, लोखंड हाय हे. मशीनचे दात झिजून राह्यले. काऊन जीव खाता?"

शंका आली नाही असं नाही. पण आभाळ भरून आलेलं, काँक्रीटची गाडी घाटात उभी, साहेबांचे फोनवर फोन. "बरं, थांबवा," म्हणाले आणि नोंदवहीत सही ठोकली.

त्याच संध्याकाळी काका वर आले. "मॅडम, पाणी मोठं येईन असं वाटते. आम्ही पोराकडं गावात जावं का इथंच राहावं?" मला घरी जायची घाई होती. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही आणि ते वाक्य बोलून मोकळी झाले.

दोन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भेगांवर चिकटवलेल्या काचेच्या पट्ट्या बघायला गेले. भेग रुंदावली की काच तडकते, साधी गोष्ट. सगळ्या शाबूत होत्या. फक्त चौथ्या खांबासमोरच्या पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

घसरत, पडत खाली गेले. काका विहिरीवर उभे होते.

"काका, तुमच्या विहिरीत पत्थर किती फुटांवर लागला?"

"कोणता? पहिला का खरा?"

"पहिला म्हणजे?"

"अवो, पहिला गोटा होता. खोलीयेवढा. आम्हाले वाटलं, पत्थर लागला, आता त्याच्याखाली विहीर बांधाचं काम वाचलं. नारळ फोडला, पेढे वाटले. मंग फोडून पाह्यला त खाली तांबडी माती! ओली झाली का साबणावानी. खरा पत्थर लय खाली लागला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

खरंच. कुठे विचारलं होतं? रोज त्यांच्या ओट्यावर चहा ढोसत होते!

"काका, आत्ताच्या आत्ता निघा."

"परवा त राहा म्हणल्या!"

"चुकले मी. खड्डा अर्ध्यात थांबवून सही मीच केली. तुमच्यासारखीच फसले. चौथा खांब गोट्यावर उभा हाय."

काकू म्हशीचं दावं सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सही करताना हात कापला नाही का वं तुहा?" त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते गावात गेल्यावर मी खांबाशेजारी बारीक भोक पाडून घेतलं. पत्थराला लागल्यावर काळी भुकटी आली. त्यात पाच फूट गेल्यावर तांबडा चिखल. मी मशीनवाल्यावर ओरडले, "घे तुझा पत्थर आन् ठेव डोक्यावर!" पण सही माझी होती. साहेबांना सगळं सांगितलं, त्यांनी चारचौघांत माझी सालटी काढली, आणि ते बरोबरच होतं.

उतार वीतभर सरकला. काकांच्या गोठ्याची भिंत फुगली, घर तेवढं वाचलं. त्या खांबाच्या बाजूला आम्ही नवा खड्डा घेतला. गोटा फोडला, तांबडी माती ओलांडली, खऱ्या खडकात पुरते तीन मीटर गेलो. या वेळी माप मी स्वतः टाकलं, दोनदा.

काँक्रीट पक्कं झालं. नव्या काचा तीन आठवडे शाबूत राहिल्या. मग काका-काकू परत आले आणि काकांनी तोच प्रश्न विचारला, "आता राहू का?"

खड्ड्याच्या तळातून काढलेला खडकाचा तुकडा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हातोडीनं वाजवला, कानाशी नेला, पुन्हा वाजवला.

"हा खरा हाय," ते म्हणाले. मग आभाळाकडे पाहिलं. "पाणी येऊन राह्यलं. आज मुक्काम इथंच करजा."

काकूंनी पिठाचा डबा ओढला. काकांनी ओट्यावरची खाट उचलून आत नेली आणि डोंगराकडच्या भिंतीला लावली. माझ्यासाठी.

"हाव," म्हणाले आणि बूट काढले.