मीच पाठवलं होतं त्याला

ती माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक माझे ग्रीसने काळे झालेले हात बघतात आणि विचारतात, "कोर्टात असते ती तुझी बहीण?" हो, माझीच! मी टायरवाला, सातवीत शाळा सोडली. आमच्या घरातली अक्कल तिने घेतली, आवाज मी घेतला.

ती प्रोबेशन ऑफिसर आहे. म्हणजे काय, ते माझ्या भाषेत सांगतो. एखाद्याच्या हातून पहिल्यांदाच गुन्हा घडला, तर जज कधीकधी त्याला तुरुंगात न धाडता अटी घालून घरी सोडतात. अमक्या ठिकाणी फिरकायचं नाही, काम धरायचं, नीट वागायचं, ऑफिसरकडे हजेरी लावायची. अट मोडली की आत. अशा माणसांवर लक्ष ठेवायचं आणि त्यांना मार्गाला लावायचं, हे आमच्या छोटीचं काम.

पोलीस जातात तशी ती जात नाही. कारखान्यात जाऊन "मी ऑफिसर" म्हटलं, की मालक त्या माणसाला लगेच हाकलणार. म्हणून ही गिऱ्हाईक बनून जाते. तिच्याकडे एक वेल्डर होता. त्याची चौकशी करायला आमची लोखंडी खुर्ची इतक्यांदा जोडायला गेली, की ती खुर्ची आमच्यापेक्षा त्यालाच जास्त ओळखायला लागली.

या वेल्डरने भांडणात भागीदाराचं डोकं फोडलं होतं. दोघांच्या जुन्या दुकानाच्या गल्लीत पाय ठेवायचा नाही, ही त्याची अट. पण त्याचं वेल्डिंगचं मशीन त्याच गल्लीत पडलेलं. नवा मालक म्हणाला, स्वतःचं मशीन आण, तर कायम ठेवतो. त्याने छोटीला विचारलं. ती म्हणाली, "जा, मशीन उचल, कुणाशी बोलू नकोस, सरळ परत ये." तो गेला, तसाच परत आला. पण भागीदाराच्या भावाने बघितलं आणि तक्रार ठोकली.

आता खरी गोम ऐका. अशी परवानगी फक्त जजने द्यायची असते. छोटीने घाईत दिली, तीही तोंडी.

तिचे साहेब म्हणाले, "तुम्ही लिहून द्या, तो आपल्या मनाने गेला. विषय संपला."

"आणि तो आत गेला तर?"

"जाईना का! ही माणसं आज ना उद्या जातातच."

"मी असं लिहिणार नाही, सर."

"नोकरी जड झालीय का?"

तिने घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "तुझ्या साहेबाच्या गाडीची चारही चाकं काढून ठेवू का?"

"ठेव की. मग दादा, हजेरी लावायला तू माझ्याकडेच येशील."

सुनावणीला मी दुकान बंद करून मागच्या बाकावर बसलो. जजबाईंनी वेल्डरला विचारलं, "कुणाला विचारून गेलास?"

तो खाली मान घालून म्हणाला, "कुणाला नाही. माझा मीच गेलो."

छोटीचं नाव येऊ नये म्हणून पठ्ठ्या आत जायला निघाला होता! तेवढ्यात छोटी उठली. साहेब दातओठ खात कुजबुजले, "बसा हो खाली!" ती बसते होय!

"मॅडम, तो खोटं बोलतोय. मीच पाठवलं होतं त्याला."

"तो अधिकार तुम्हाला आहे?"

"नाही. तुमचा आहे. चूक माझी आहे. त्याने जिला विचारायचं तिलाच विचारलं, सांगितलं तेवढंच केलं. शिक्षा करायची तर मला करा."

मी "शाब्बास!" म्हणून असा ओरडलो, की शिपायाने दंडाला धरून मला बाहेर काढलं. काढू दे. माझी बहीण आहे ती, ओरडणारच.

निकाल मला व्हरांड्यातच कळला. वेल्डर मोकळा राहिला, छोटीवर चौकशी लागली. तो रडवेला होऊन म्हणाला, "ताई, माझ्यापायी तुम्ही..."

"गप. पुन्हा कोर्टात खोटं बोललास ना, तर मीच तुला आत टाकीन. जा, कामाला लाग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला ऑफिसला सोडायला गेलो. बघतो तर तिचं टेबल जिन्याखाली, संडासाच्या दाराशेजारी. शिपाई खजील होऊन म्हणाला, "चौकशी होईपर्यंत केबिन बंद, असं साहेब म्हणाले."

मी बाह्या सरसावल्या. इथे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत आपल्या गुन्ह्याबद्दल कोण तोंड उघडणार, हाच साहेबांचा डाव. साहेब दारात उभे राहून मजा बघत होते.

छोटी म्हणाली, "दादा, भांडू नकोस. बाक ओढ इकडे."

मी ओढला. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा करकरत ओढला. तिने रुमालाने टेबल पुसलं, बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चला, पहिलं कोण?"

हजेरीला येऊन भिंतीला टेकून बसलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग दुकानात चोरी करताना सापडलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, साहेबांच्या अगदी समोरून चालत आली आणि बाकावर बसत म्हणाली, "माझ्यापासून सुरू कर, ताई. आणि मोठ्याने विचार."